‘तिचे लग्न मीच लावले असे वाटते’

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील निवृत्त शिक्षिका असून एका दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहीत आहे. नायिका ऊसतोड मजुराची तेरा वर्षांची मुलगी आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि त्यावर मुकादम उचल देतो, म्हणून हंगामापूर्वीच तिचे लग्न उरकले जाते. हा प्रसंग लिहिल्यापासून कथा पुढे सरकत नाही. रात्री दचकून जाग येते, पोळ्या लाटताना रडू कोसळते. तिचे लग्न मीच लावून दिले, असे वाटत राहते. अशा कितीतरी मुली दसऱ्यानंतर माझ्या वर्गातून निघून गेल्या आहेत. घरचे म्हणतात, मनाने रचलेल्या पोरीसाठी एवढे काय रडायचे? कथा सोडून द्यावी का?

उत्तर : बाई, कथा सोडू नका. घरच्यांचे म्हणणे ऐकायला व्यवहारी असले, तरी लिहिणाऱ्यांचा अनुभव तसा नाही. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर यांच्या ‘मादाम बोव्हारी’ या १८५७ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीची नायिका सोमल हे विष खाते. तो प्रसंग लिहिताना आपल्याच तोंडाला सोमलाची चव आली आणि जेवण उलटून पडले, असे फ्लोबेर यांनी समीक्षक तेन यांना पत्रातून कळवले होते. मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ५० कथालेखकांकडे चौकशी केली, तेव्हा आपली पात्रे कमीअधिक प्रमाणात स्वतःच्या मर्जीने वागतात, असा अनुभव त्यांपैकी ४६ जणांना आलेला आढळला. पात्र एवढे स्वतंत्र झाल्यावर त्याच्यावर आपणच आणलेल्या संकटाची टोचणी लागणे ओघानेच आले.

तुमच्या पत्रातील वर्गातून निघून गेलेल्या मुलींचे वाक्य मात्र मला याहून महत्त्वाचे वाटते. तुमच्या रडण्यात दोन दुःखे मिसळली आहेत : एक नायिकेचे आणि दुसरे, ज्यांच्या नावापुढे हजेरीपटावर सलग गैरहजेरी मांडावी लागली त्या खऱ्या मुलींचे. आपण तेव्हा काही करू शकलो असतो का, हा प्रश्न बहुधा तुम्हाला आजही छळत असावा. त्या सगळ्यांचा भार तुम्ही एकट्या नायिकेवर टाकला आहे आणि तो तिला पेलत नाही, म्हणूनच कथा अडली आहे. तेव्हा एक वेगळी वही घ्या आणि त्या मुलींविषयी जे आठवते ते कथेचा विचार न करता लिहून काढा. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या घटनांविषयी लिहिले. लिहून झाल्याबरोबर त्यांना अधिकच खिन्न वाटले, परंतु पुढील काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. म्हणून हे लेखन सकाळी करा, झोपण्यापूर्वी नको.

मग लग्नाच्या प्रसंगाकडे परत या. फ्लोबेर शल्यविशारदाचे चिरंजीव होते. विषाने शरीराचे काय होते ते त्यांनी बारकाईने नोंदवले, पण पानावर कोठेही गळा काढला नाही. तुम्हीही मुकादमाने थुंकी लावून मोजलेल्या नोटा दाखवा, मुलीला सैल होणारे पोलके सेफ्टी पिनेने आत घेणारी आई दाखवा, आणि ‘कोवळी कळी खुडली’ यांसारखी वाक्ये आली असतील तर ती निर्दयपणे काटा. शेवटच्या क्षणी कोणीतरी येऊन लग्न मोडतो, असा मोह तुम्हाला होईल. ग्रामसेवक हा गावपातळीवरील बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, तेव्हा तो कथेत यायला हरकत नाही. मात्र केवळ तुम्हाला झोप लागावी म्हणून येणार असेल, तर वाचकाच्या ते लगेच लक्षात येईल.

लग्नापाशीच लेखणी ठेवून उठू नका. दुसऱ्या दिवशीच्या प्रसंगाच्या दोन ओळी लिहून मगच वही मिटा, म्हणजे रात्रभर मन मांडवात घुटमळणार नाही. एवढे करूनही दोन आठवडे झोप उडालेली राहिली किंवा जेवणावरची वासना गेली, तर तो लेखनाचा प्रश्न राहत नाही. डॉक्टरांना भेटा, १४४१६ या ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. अंकाच्या संपादकांना मुदत वाढवून मागण्यात कमीपणा मानू नका. आम्हा संपादकांना त्याची सवय असते!

प्रश्न : माझ्या कादंबरीतील सावकार फार क्रूर आहे. हल्ली मी घरातही त्याच्यासारखाच बोलतो, असे पत्नी म्हणते. (एक वाचक, पुणे)

उत्तर : वहिनींचे म्हणणे खरे धरून चाला. बहुधा सावकाराचा स्वभाव नव्हे, तर त्याच्या वाक्यांची फेक तुमच्या जिभेवर बसली आहे, कारण संवाद लिहिणारा माणूस ते दिवसभर मनात घोळवत असतो. लेखन थांबवल्यावर घरच्यांशी बोलण्यापूर्वी अर्धा तास भाजी आणायला किंवा फिरायला जा, आणि सावकाराचे संवाद दार लावूनच मोठ्याने वाचा. वहिनींनी टिपलेली वाक्ये मात्र त्यांच्याकडून लिहून घ्या. कादंबरीत ती उपयोगी पडतील.