तक्रार केली तर सर माझ्याच पोरावर डूख धरतील का?

जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलं असणाऱ्या आयांकडून हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. फी भरणारा पालक निदान आवाज चढवतो. इथे आईच्या मनात असतं की शाळा फुकट आहे, पुस्तकं, गणवेश, खिचडी सगळं मिळतंय आणि पोरगं दिवसभर गुरुजींच्याच हाती आहे. ही भीती निराधार नाही, त्यामुळे "घाबरू नका" एवढ्या उत्तराने कुणाचं समाधान होत नाही. म्हणून ओंकारबद्दल सविस्तर लिहिते. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

मी उपजिल्हा रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे. दहा ते एकोणीस वयाची मुलंमुली आमच्याकडे येतात. ओंकार सातवीतला. रोज सकाळी शाळेच्या वेळेला त्याच्या पोटात दुखायचं, रविवारी मात्र नाही. जंताच्या गोळ्या झाल्या, सोनोग्राफी झाली, आजीने दृष्टही काढली. ओपीडीतल्या डॉक्टरांनी त्याला सहज विचारलं, शाळेत लघवीला किती वेळा जातोस? तो म्हणाला, जातच नाही. शाळेत पाणीही पीत नव्हता. डॉक्टरांनी त्याला लगेच माझ्याकडे पाठवलं.

"तुला शाळेत कुणी त्रास देतं का?" असं मी मुलांना सुरुवातीलाच विचारत नाही. मुलं "नाही" म्हणतात आणि दार बंद होतं. मी कोरा कागद पुढे ठेवते आणि शाळेचा नकाशा काढायला सांगते. वर्ग कुठे, खिचडी कुठे शिजते, मधल्या सुट्टीत तू कुठे बसतोस, कुठे जायला आवडतं आणि कुठे नाही. ओंकारने हापसा काढला, पटांगण काढलं, ऑफिससमोरचा कट्टा काढला. मुलांची मुतारी आणि संडास इमारतीच्या मागे आहेत, तो भाग त्याने कोराच सोडला. "इथे काय आहे?" म्हटल्यावर बराच वेळ पेन्सिल फिरवत राहिला आणि मग हळूहळू बोलला.

खिचडी खाऊन झाली की आठवीतली तीन मुलं मागे उभी असायची. पाच-दहा रुपये मागायची. नाही दिले तर संडासात ढकलून बाहेरून कडी लावायची आणि घंटा झाल्यावर काढायची. उशिरा वर्गात गेलं की सर छडी मारायचे, म्हणजे एकाच गोष्टीसाठी ओंकारला दोनदा शिक्षा होत होती.

इथे मला एक प्रश्न विचारावाच लागतो आणि तो मी शांतपणे, आढेवेढे न घेता विचारते: कपडे काढायला लावले का, नको तिथे हात लावला का? पॉक्सो, म्हणजे मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा, २०१२चा आहे आणि तो मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. पालक मुलींच्या बाबतीत सावध असतात, मुलग्यांच्या बाबतीत हा विचारच त्यांच्या मनात येत नाही. अशी शंका आली तर माझ्यासाठी काय किंवा मुख्याध्यापकांसाठी काय, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते प्रकरण शाळेने "आपसात मिटवणं" हाच गुन्हा ठरतो. ओंकारच्या बाबतीत तसं काही नव्हतं, म्हणून आम्ही शाळेच्या वाटेने जाऊ शकलो. वाचणाऱ्या पालकांनी हा फरक मनात पक्का ठेवावा. लैंगिक त्रासाची शंका असेल तर आधी १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ला (तातडीच्या मदतीचा क्रमांक) फोन आणि पोलीस ठाणं, शाळेशी बोलणं नंतर.

"सरांना का नाही सांगितलंस?" हा प्रश्न आईने विचारला, चिडूनच. ओंकारचं उत्तर मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला सांगते. आदल्या वर्षी एका मुलाने सांगितलं होतं. सरांनी परिपाठाला त्या मोठ्या मुलांना सगळ्यांसमोर उभं करून छडीने बडवलं, आणि तक्रार कुणी केली तेही तिथेच बोलून दाखवलं. संध्याकाळी ओढ्याजवळ त्या मुलाला मार पडला. त्यानंतर शाळेत कुणीच काही सांगितलं नाही. सरांना वाटलं, शिस्त लागली.

माझं ठाम मत आहे की छडी शाळेला सुरक्षित करत नाही, ती शाळेला बहिरी करते. जिथे सांगण्याचा शेवट कुणाच्या तरी पाठीवर होतो, तिथे मुलं सांगणं बंद करतात. मार खाणारी मुलं गप्प होतात आणि बघणारीही गप्प होतात. मग मागच्या बाजूला काय चाललंय हे गुरुजींना कळायला मार्गच उरत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झाल्यावर शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांबाबत शाळांना पुन्हा बजावलं. हे सगळं हवंच. पण संडासात कॅमेरा लावता येत नाही, आणि चिठ्ठी टाकणाऱ्याचं नाव फुटणार असेल तर पेटी रिकामीच राहते.

ओंकारच्या घरात तोवर दोन बेत शिजले होते. वडील ट्रकवर असतात. ते म्हणाले, मी येतो आणि त्या पोरांना बघतो. मोठ्या माणसाने दुसऱ्याच्या मुलावर हात टाकला की ते भांडण शाळेचं राहत नाही, दोन घरांचं आणि मग दोन आळ्यांचं होतं, आणि वडील गाडीवर निघून गेल्यावर त्या आळीतून रोज ओंकारलाच जायचं होतं. आईचा बेत होता बचत गटातून कर्ज काढायचं, दाखला काढून मुलाला इंग्रजी शाळेत घालायचं. दाखला मिळवणं हा तिचा हक्क आहे, पण ज्याने काही केलं नाही त्यानेच शाळा का सोडायची? मी ओंकारला विचारलं, तुला काय व्हायला हवं? तो म्हणाला, "मॅडम, कुणाला मारू नका म्हणावं. परत माझ्यावरच येतं."

तेच आम्ही अर्जात लिहिलं. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, आईच्या अक्षरात, एका पानाचा. काय होतं, कुठे होतं आणि कोणत्या वेळी होतं एवढंच लिहिलं. "कडक कारवाई करावी" हे वाक्य मी मुद्दाम लिहू दिलं नाही, कारण त्याचा अर्थ पुन्हा छडी असाच लागला असता. त्याऐवजी मागण्या होत्या: संडासाची बाहेरची कडी काढावी, मधल्या सुट्टीत मागच्या बाजूला एक शिक्षक असावेत, मुलाचं नाव परिपाठात किंवा वर्गात घेऊ नये, कुणालाही शारीरिक शिक्षा करू नये. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घेतला. तोंडी सांगितलेलं कुणालाही नाकारता येतं, पोच असलेला कागद नाकारता येत नाही.

आईच्या संमतीने मी मुख्याध्यापकांना भेटले. भला माणूस. आठ वर्ग, शिक्षक कमी, त्यातला एक निवडणुकीच्या कामावर. त्यांनी विचारलं, "मारायचं नाही, शाळेतून काढायचं नाही, मग शिस्त लावायची तरी कशी?" प्रश्न खरा आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी घालतं, आणि कलम १६प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. हात बांधल्यासारखे वाटतात, हे मला समजतं. पण ओंकारचा नकाशा आम्ही टेबलावर ठेवला तेव्हा दिसलं की सगळा त्रास एका जागेचा आणि वीस-पंचवीस मिनिटांचा आहे. तेवढा वेळ आणि तेवढी जागा राखणं हे छडीपेक्षा सोपं काम होतं.

कडी त्याच दिवशी निघाली. सातवी आणि आठवीची मधली सुट्टी वेगळी केली. एक बाई डबा घेऊन मागच्या ओट्यावर बसू लागल्या. तिन्ही मुलांना मुख्याध्यापकांनी वेगवेगळं बोलावलं, पालकांनाही वेगवेगळं, आणि तक्रार कुणाची हे सांगितलं नाही. घेतलेले पैसे त्या मुलांना परत करावे लागले. त्यांच्यातल्या एकाला आठवीत असून चौथीचा धडा नीट वाचता येत नव्हता. दिवसभर वर्गात तो सगळ्यांत मागे असायचा, आणि फक्त त्या मुतारीपाशी सगळे त्याला घाबरायचे. बाईंनी त्याला रोज शाळा सुटल्यावर वाचायला बसवायला सुरुवात केली. हे मी सुचवलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं.

आता मूळ प्रश्न. सरांनी डूख धरला का? धरला, काही दिवस. ओंकारने हात वर केला की "बोला, अर्जवाले" असं एक सर वर्गात म्हणायचे. नाव फुटलंच होतं. आई पुन्हा खचली. मी तिला सांगितलं की हा टोमणाही मानसिक छळात मोडतो आणि त्याचाही अर्ज होतो. त्याआधी आणखी एक गोष्ट केली. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात, हे तिला माहीत नव्हतं. समितीतल्या दोन आयांना ती घरी जाऊन भेटली. दुसरा अर्ज द्यायला तिघी मिळून गेल्या. एकट्या बाईच्या पोरावर राग काढणं सोपं असतं, तिघींच्या पोरांवर ते जड जातं. टोमणे थांबले. थांबले नसते तर पुढची पायरी केंद्रप्रमुख आणि मग गटशिक्षणाधिकारी, दोन्ही अर्जांच्या पोच जोडून.

ओंकार आता शाळेत पाणी पितो. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोटात दुखतं, ते बहुतेकांना दुखतं. छडी मात्र शाळेतून पूर्ण गेलेली नाही. त्याच्या वर्गात बंद झाली, पाचवीच्या वर्गात अजून आहे, आणि समितीच्या पुढच्या बैठकीत तो विषय त्या तिघींनीच मांडायचं ठरवलं आहे.

वाचायला बसणारा तो आठवीतला मुलगा दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेला. वाचन नुकतं जमायला लागलं होतं. मुख्याध्यापकांनी त्याचं शिक्षण हमी कार्ड भरून दिलं आहे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येईल. तिथे त्याचं नाव लागलं का, याची चौकशी मुकादमाला फोन करून बाई करत आहेत.