‘तुमच्याविरुद्ध तक्रारी आहेत’ म्हणतात, पण कोणत्या ते सांगत नाहीत. पत्र कसं लिहू?

माझ्याही बाबतीत झालंय. एचआरने बोलावून ‘वागण्याबद्दल तक्रारी आल्यात’ एवढंच सांगितलं, समोरची फाईल काही उघडली नाही. मग कॅन्टीनमध्ये कुणी हसलं तरी आपल्यालाच हसतायत असं वाटायचं. तक्रार कुणी केली ते शोधत फिरू नका. उद्या तेच ‘साक्षीदारांवर दबाव’ म्हणून अंगाशी येतं.

त्याच दिवशी मेल टाका: ‘दि. … रोजी माझ्याविरुद्ध आरोप असल्याचे तोंडी सांगण्यात आले. आरोपांचे स्वरूप, तारखा व आधार लेखी कळवावेत, म्हणजे मला खुलासा करता येईल.’ बस. ‘षड्‌यंत्र’, ‘छळ’ असले शब्द नकोत. (मी घातले होते, पुढची सगळी मीटिंग त्या शब्दांवरच गेली.)

आरोप लैंगिक छळाचा असेल तर 2013 च्या नियमांनुसार चौकशी करणाऱ्या तक्रार समितीने तक्रारीची प्रत 7 कामकाजाच्या दिवसांत द्यायची असते. उत्तराला तुम्हाला 10 मिळतात. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत मोठ्या शिक्षेआधी 1979 च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे दोषारोपपत्र (म्हणजे आरोप लेखी मांडलेला कागद) लागतं.

आठवडाभरात उत्तर नाही आलं, तर तोच मजकूर वरिष्ठांना, विषयात ‘औपचारिक तक्रार’ लिहून. प्रिंट घरी ठेवा, ऑफिसचा मेल कधीही बंद होतो.