‘इन’ दिसला की नकार समजू नकोस

अरे, इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करत बसू नकोस. शब्दाच्या सुरुवातीचा ‘इन’ म्हणजे नकार, हे तू धरून ठेवलंयस ते अर्धंच खरं. इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारं, इनकरेक्ट म्हणजे चुकीचं, इथवर ठीक. हाच नकार पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो: इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. वाचता वाचता हे आपोआप डोक्यात बसतं.

खरी गोम पुढेच आहे. पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. ते न पेटणारं असतं तर पाटी लावलीच कशाला असती? हा शब्द लॅटिनमधल्या ‘पेटवणे’ अर्थाच्या क्रियापदावरून आलाय, त्यातल्या ‘इन’चा नकाराशी काही संबंध नाही. म्हणजे फ्लेमेबल काय न् इनफ्लेमेबल काय, दोन्ही ज्वलनशीलच. न पेटणाऱ्याला नॉनफ्लेमेबल म्हणायचं.

इनव्हॅल्युएबलमध्ये नकार आहे, पण अर्थ टाकाऊ असा नाही. आपल्या ‘अमूल्य’सारखंच ते: मोल करता येणार नाही इतकं मोलाचं. आणि इनफेमस म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. कुणाच्या सत्काराच्या भाषणात तेवढा वापरू नकोस म्हणजे झालं.