मशीनचे बेलो सारखे फाटतात, कोणत्या मटेरियलचे घ्यावेत?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एसपीएमच्या (एका ठरावीक कामासाठी बनवलेल्या मशीनच्या) स्लाइडवरचे पीव्हीसी बेलो, म्हणजे घड्यांची कापडी झाकणं, सहा महिन्यांत फाटतात, तर कोणतं मटेरियल घ्यावं? आणि बेलो असताना एलएम ब्लॉकचे (रेलवर बॉलच्या आधारे सरकणाऱ्या ठोकळ्याचे) वायपर, म्हणजे रेल पुसणाऱ्या टोकाच्या पट्ट्या, काढल्या तर चालतील का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: काढू नका. बेलो हे झाकण आहे, सील नव्हे. मेंटेनन्समधली निम्मी भांडणं याच गैरसमजातून होतात.

आता मटेरियल. फाटलेला बेलो फेकू नका, टेबलावर पसरा आणि कुठे फाटलाय ते बघा. बाहेरच्या कडांना, कोपऱ्यांवर घासून भोकं पडली असतील तर चिपचं काम. सरकत्या फ्लँजजवळच्या (बेलोच्या टोकाच्या प्लेटजवळच्या) दोन-तीन घड्याच फाटल्या असतील तर आतून पट्ट्या शिवलेल्या नाहीत; त्या नसल्या की पुढच्या घड्या ताणून सपाट होतात आणि मागच्या मिटलेल्याच राहतात. खालच्या कडा झिजल्या असतील तर बेलोला आधार देणारे गाइडचे तुकडे झिजून संपलेत, बेलो लोंबतोय. आणि घडीच्या आतल्या बाजूने सरळ रेषेत चीर असेल, तर स्टिफनर (घडीतली ताठ पट्टी) मोडलाय आणि त्याच्याच धारेनं कापड कापलं गेलंय. मटेरियलचा प्रश्न फार तर पहिल्या प्रकारात येतो.

शेवटच्या प्रकाराचं एक उदाहरण सविस्तर सांगतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका शॉपमध्ये बिडाच्या कास्टिंगचं कोरडं फेसिंग करणारं एसपीएम होतं, स्लाइडचा स्ट्रोक (सरकण्याचं अंतर) 600 मिमी. आधी पीव्हीसी, मग पीयू (पॉलियुरेथेन), मग निओप्रिन (एक सिंथेटिक रबर). दरवेळी आधीपेक्षा महाग बेलो, आणि दरवेळी चीर त्याच जागी. पर्चेसचं म्हणणं, सप्लायर फसवतोय. स्लाइड पूर्ण मागे नेऊन फ्लँज आणि कॉलम यांच्यातली जागा कुणी मोजलीच नव्हती. ती होती 55 मिमी. बेलोची घडी 30 मिमी खोल, घड्या 21. मिटल्यावर एका घडीला 3 मिमी धरले तरी 63, वर दोन फ्लँजचे 10, म्हणजे 73. अठरा मिमी जागाच नाही! मोटर प्रत्येक सायकलला तो बेलो चिरडत होती. आतले पीव्हीसीचे स्टिफनर तडकणारच, वरून कापड कोणतंही लावा.

उपाय घडी खोल करण्याचा. 45 मिमी खोलीच्या 13 घड्यांत तोच स्ट्रोक बसतो: मिटलेली लांबी 39 अधिक 10, म्हणजे 49. पूर्ण उघडल्यावर घडीमागे साधारण 50 मिमी येतात, ते या खोलीला झेपतात. त्यासाठी वरचं पत्र्याचं गार्ड 15 मिमी उचलावं लागलं, एवढंच.

तरी शिल्लक राहिले फक्त 6 मिमी. घडीत बिडाची भुकटी बसली आणि प्रत्येक घडी अर्ध्या मिमीनं फुगली, की 13 घड्यांत साडेसहा गेले, म्हणजे पुन्हा चिरडणं सुरू. म्हणून शिफ्ट संपताना स्लाइड पुढे नेऊन, बेलो उघडा ठेवून ब्रश आणि व्हॅक्यूम. एअर गन अजिबात नको. ती भुकटी फ्लँजच्या फटीतून थेट रेलवर जाते.

हवेचं गणितही लोक विसरतात. बेलोची आतली पोकळी 300 बाय 100 मिमी असेल तर 600 च्या स्ट्रोकला 18 लिटर हवा आत-बाहेर होते, आणि 15 मीटर प्रति मिनिट वेगाला त्यासाठी अडीच सेकंदही मिळत नाहीत. वाट ठेवली नाही तर बेलो पंपासारखा फटींमधून धूळ आत ओढतो. कटरपासून लांबच्या फ्लँजला जाळी लावलेलं व्हेंट द्या, किंवा स्लाइडच्या खालून दोन्ही बाजूंचे बेलो एकमेकांना जोडा. एक मिटतो तेव्हा दुसरा उघडतो, हवा आतल्या आत फिरते.

'बेलो आहे ना, मग वायपर कशाला, उगाच ओढ वाढते' म्हणणाऱ्या प्रत्येकानं एकदा बेलो काढून रेलवर पांढरं फडकं फिरवावं. आत येणारी ती काळी भुकटी ब्लॉकच्या बॉलपर्यंत जाऊ न देणारा एकच भाग आहे, वायपर. एका ब्लॉकच्या किमतीत वायपरचे कितीतरी सेट येतात, आणि ब्लॉक बदलला की अलाइनमेंटचा दिवस वेगळा जातो.

एवढं सगळं ठीक असूनही फाटत असेल, तर मटेरियल. पाणी न मिसळलेलं (neat) कटिंग ऑइल असेल तर पीव्हीसी नको. तेल त्यातला प्लास्टिसायझर ओढून घेतं, कापड कडक होऊन घडीवर तडकतं. तिथे पीयू कोटिंग. गरम चिप थेट पडत असेल तर वरून स्टीलच्या पट्ट्यांचा बेलो. सिलिकॉन उष्णता सोसतं, पण घासण्यात लवकर जातं. ऑर्डर देताना कापडाच्या नावाआधी स्ट्रोक, मिटलेली जागा, वेग आणि आडवा की उभा हे चार आकडे-तपशील लिहा.

हे सगळं शिवलेल्या, घडीच्या बेलोबद्दल. मेकॅनिकल सीलमधला धातूचा बेलो खरोखर सीलच असतो, त्याला यातलं काही लावू नका. आणि लेझर मशीनचा बेलो असेल तर आग न धरणारंच कापड मागा, तिथे वरचा क्रम उलटा: आधी मटेरियल, मग बाकीचं.