मिलवॉकीत तीन दिवस खाण्यापिण्याचे: आधी शुक्रवार धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैमध्ये शिकागोला बहिणीकडे येताय, त्यातले तीन दिवस मिलवॉकीसाठी काढलेत आणि सोबत आई-वडील आहेत. आई शाकाहारी, अंडंही चालत नाही. वडील मासे आणि चिकन आवडीने खातात, बियरही घेतात. कुठल्या रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक करू, असं विचारलंत. वर एक-दोघांनी लिहिलंय की शिकागोतच राहा, मिलवॉकीत खायला काय आहे. मी विस्कॉन्सिन राज्यातल्या या शहराला लागून असलेल्या वॉवाटोसात बरीच वर्षं राहते आणि मला हे मुळीच पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

रेस्टॉरंटची यादी नंतर करा, आधी वार बघा. गुरुवारी दुपारी या, रविवारी परत जा, म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ इथे मिळेल. शुक्रवारी संध्याकाळी इथे फिश फ्राय असतो आणि तो अख्ख्या गावाचा रिवाज आहे. कोपऱ्यावरचं टॅव्हर्न (बियर आणि जेवण मिळणारी जागा), चर्चचं तळघर, बोलिंगचा हॉल, सगळीकडे त्या संध्याकाळी मासाच तळला जातो. इथे वस्तीला आलेल्या जर्मन आणि पोलिश लोकांत पुष्कळ कॅथलिक, शुक्रवारी मांस न खाणारे, मासा मात्र चालणारे. त्यात १९२० ते १९३३ दारूबंदी होती. टॅव्हर्नवाल्यांचा बियरचा धंदा बसला, तेव्हा मिशिगन सरोवरातला स्वस्त मासा तळून त्यांनी गिऱ्हाईक धरून ठेवलं. दारूबंदी उठल्यावरही लोकांनी शुक्रवार काही सोडला नाही.

मात्र वडील श्रावण पाळत असतील तर तारखा ठरवण्याआधी दिनदर्शिका उघडा. श्रावण कधी जुलैच्या शेवटी लागतो, कधी ऑगस्टमध्ये. इथवर येऊन ऐन शुक्रवारी मासा चालत नाही असं व्हायला नको.

ताटात काय असतं ते सांगते. बियरच्या पिठात बुडवून किंवा पावाचा चुरा लावून तळलेला मासा, राय ब्रेडचे एक-दोन तुकडे, कोलस्लॉ म्हणजे कोबीचं सॅलड, लिंबाची फोड आणि बटाटा. बटाट्यात पर्याय विचारतात तेव्हा फ्राइज घेऊ नका, पोटॅटो पॅनकेक मागा. किसलेल्या बटाट्याचं हे धिरडं कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ असतं आणि सोबत सफरचंदाचा सॉस येतो. माशात कॉड सगळीकडे मिळतो, पण पर्च असेल तर पर्चच घ्या, थोडा महाग असला तरी. छोटे, पातळ, सालीसकट तळलेले तुकडे असतात. माझे सासरे मालवणचे, मासा तोंडात घातल्याशिवाय मत न देणारे. पर्च खाऊन त्यांनी "मुडदुशीच्या जवळचा आहे" असं म्हटलं आणि आणखी एक प्लेट मागवली. आता हा पर्च बहुतेक बाहेरून येतो. सरोवरातला साठा इतका घटला की विस्कॉन्सिनने १९९६ मध्ये मिशिगन सरोवरातली त्याची व्यावसायिक मासेमारी बंद केली.

जागा म्हणाल तर मिलवॉकीला लागून असलेल्या वेस्ट अॅलिसमधलं केगेल्स इन. १९२४ पासूनचं जर्मन घराण्याचं टॅव्हर्न आहे, आत जुनं लाकूडकाम आणि भिंतींवर रंगवलेली चित्रं. इथे लोक लवकर जेवतात. साडेसहाला पोहोचलात तर रांगेत उभं राहावं लागेल, म्हणून पाचच्या सुमारास जा आणि आधी फोन करून विचारून घ्या.

आता आईंचं. हे नीट वाचा, कारण इथे शाकाहारी दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी शाकाहारी नसतात. जर्मन पोटॅटो सॅलडमध्ये हमखास बेकन असतं. कोलस्लॉच्या मेयोनीजमध्ये अंडं असतं, पोटॅटो पॅनकेकमध्येही बहुतेक वेळा असतं. फ्राइज आणि चीज कर्ड माशाच्याच तेलात तळलेले असू शकतात. मेक्सिकन ठिकाणी बीन्समध्ये डुकराची चरबी आणि भातात चिकनचं पाणी निघू शकतं. "व्हेजिटेरियन आहे" एवढं सांगून भागत नाही, एकेका पदार्थाचं नाव घेऊन विचारायचं. जेवण वाढणाऱ्या मुली न कंटाळता आत जाऊन विचारून येतात. टॅव्हर्नमध्ये आईंसाठी माझा भरवशाचा पर्याय म्हणजे राय ब्रेडवर भाजलेलं ग्रिल्ड चीज सँडविच. चीज विस्कॉन्सिनचं असतं, त्यामुळे ती नुसती तडजोड ठरत नाही.

चीजवर मात्र पोटभर वेळ द्या. शहराच्या थर्ड वॉर्ड भागात मिलवॉकी पब्लिक मार्केट आहे, २००५ साली सुरू झालेलं, एका छपराखाली पंधरा-वीस दुकानं. तिथे ताजे चीज कर्ड घ्या, न तळलेले. चेडर करताना दह्यासारखं फाटलेलं दूध दाबून वडी पाडायच्या आधीचे हे गोळे. ताजा कर्ड चावला की दातांखाली चक्क चुईं-चुईं आवाज करतो, कारण त्यातल्या प्रथिनांची जाळी अजून घट्ट असते. एक-दोन दिवसांत ती सैल होते आणि आवाज जातो. म्हणून "आज सकाळचे आहेत का" हे विचारूनच घ्या आणि तिथेच बसून संपवा, शिकागोला नेऊ नका. आई रेनेटचं (चीज करताना दूध फाडायला घालतात तो पदार्थ, मुळात वासराच्या पोटातून काढलेला) बघत असतील तर दुकानदाराला विचारा. पाकिटावर नुसतं एन्झाइम्स लिहिलेलं असतं, त्यावरून काही कळत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच चीजला आता जनावराचं रेनेट लागत नाही, पण खात्री केलेली बरी.

दुसरा सापळा गोडाचा. मिलवॉकी फ्रोझन कस्टर्डसाठी ओळखली जाते, दिसायला ते अगदी आइस्क्रीमच, पण अमेरिकेच्या नियमाने त्यात अंड्याचा बलक असावाच लागतो, बलकातला घन भाग वजनाच्या किमान १.४ टक्के. म्हणजे आईंना नाही. बाकी सगळ्यांनी मात्र खायलाच हवं. यंत्रात हवा फार कमी भरतात आणि आइस्क्रीमइतकं गारही करत नाहीत, त्यामुळे ते दाट, जड आणि रेशमासारखं लागतं. कॉप्स या कस्टर्डच्या दुकानात रोज वेगळे स्वाद असतात आणि महिन्याचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं. लिऑन्स १९४२ पासून दक्षिण भागात सत्ताविसाव्या रस्त्यावर आहे, निऑनच्या दिव्यांचं जुनं ड्राइव्ह-इन, स्वाद मोजकेच. माझं मत विचाराल तर लिऑन्सला रात्री जा आणि बटर पीकन घ्या. दिव्यांखाली गाडीला टेकून खाणारी माणसं बघण्यातही मजा आहे. आईंसाठी त्या दिवशी दुपारीच कुठेतरी सॉर्बे (फळांच्या रसाचं गोठवलेलं गोड) घेऊन ठेवा, म्हणजे त्यांना नुसतं बघत बसावं लागणार नाही.

आता वडिलांची बियर. पॅब्स्ट, श्लिट्झ, ब्लाट्झ, मिलर, सगळे इथले. जर्मन कारागीर आले, बार्लीचा प्रदेश जवळ होता आणि हिवाळ्यात बर्फ फुकट मिळायचा. यंत्राने गार करायची सोय नव्हती तेव्हा लागर बियर मुरवायला हा बर्फ भरलेली भुयारं लागत. असं भुयार मिलरच्या सहलीत बघायला मिळतं. फ्रेडरिक मिलरने १८५५ मध्ये तो कारखाना घेतला आणि तिथे आजही बियर बनते. १८७१ च्या आगीत शिकागो होरपळलं तेव्हा श्लिट्झने तिकडे बियर पाठवली आणि तिथला बाजार मिळवला. श्लिट्झचा इथला कारखाना १९८१ मध्ये बंद पडला, पॅब्स्टचा १९९६ मध्ये. पॅब्स्टच्या इमारतींत आता हॉटेल आणि घरं आहेत. ब्रूहाउस इन नावाच्या हॉटेलात तांब्याच्या प्रचंड कढया जागच्या जागी ठेवल्यात, त्या आत डोकावून बघून या.

एकच सहल करायची असेल तर मी लेकफ्रंट ब्रुअरी सांगेन. दोन भावांनी १९८७ मध्ये सुरू केलेली ही ब्रुअरी नदीकाठच्या जुन्या कोळशाच्या वीजघरात आहे. सांगणारे रंगवून सांगतात, अधूनमधून ग्लास भरतात आणि नंतर वर बियर हॉलमध्ये बसता येतं. गहू वर्ज्य असलेलं कुणी सोबत असेल तर न्यू ग्रिस्ट ही त्यांची ज्वारी-तांदळाची बियर आहे. अमेरिकन ज्वारीपासून काय करतात हे वडिलांना चाखायला आवडेल.

न पिणाऱ्यांसाठी स्प्रेकरची सोडा. त्यांची रूट बियर प्रसिद्ध आहे, नावात बियर असली तरी त्यात दारू नसते, त्यात विस्कॉन्सिनचा मध असतो. आपल्याकडच्या मोठ्या माणसांना पहिला घोट औषधी वाटतो असा अनुभव आहे, म्हणून आईंना आधी त्यांची क्रीम सोडा द्या.

आणि एक संध्याकाळ ब्रँडी ओल्ड फॅशन्डसाठी ठेवा. बाकी अमेरिकेत हे पेय व्हिस्कीचं, विस्कॉन्सिनमध्ये ब्रँडीचं. कॅलिफोर्नियातल्या कोर्बेल कंपनीची ब्रँडी सगळ्यात जास्त याच राज्यात खपते. बारमन काचेच्या बुटक्या ग्लासात साखरेचा खडा टाकतो, त्यावर बिटर्स या कडू अर्काचे थेंब, संत्र्याची चकती आणि चेरी घालून लाकडी मुसळीने ठेचतो. मग बर्फ, ब्रँडी आणि वरून सोडा. "स्वीट" म्हटलं तर लिंबाच्या चवीचा गोड सोडा, "प्रेस" म्हटलं तर निम्मा गोड, निम्मा साधा. वडिलांसाठी प्रेस मागा, स्वीट फार गोड होतं. हे पेय फिश फ्रायच्या आधी टेबलाची वाट बघत घ्यायचं, तशीच इथली पद्धत आहे. निवांत प्यायचं असेल तर ब्रायंट्स कॉकटेल लाउंज. १९३८ पासून आहे, मेन्यू नाही, उजेड अगदी मंद. तुम्हाला काय आवडतं ते सांगायचं, ते बनवून देतात. आइस्क्रीम घालून केलेली पेयं तिथली खासियत आहे.

सॉसेज मी एका ओळीत आटोपते: वडिलांना डुक्कर चालत असेल तर १८८० पासूनच्या उसिंगर्सच्या दुकानात जा, नाहीतर सोडून द्या.

शनिवारची दुपार मात्र माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, कारण आई त्या दिवशी कुणाला काही विचारल्याशिवाय जेवू शकतील. एस्टाब्रुक पार्कमध्ये नदीकाठी बियर गार्डन आहे, २०१२ मध्ये सुरू झालेलं, सार्वजनिक बागेत. मोठ्या झाडांखाली लांब बाकं, जर्मन बियर आणि घरचं खाणं आणायची मुभा. लोक टेबलावर चौकड्यांचं कापड अंथरतात, डब्यांतून चीज, फळं, केक काढतात, पलीकडे मुलं खेळत असतात. जड काचेच्या मगासाठी आगाऊ पैसे ठेवावे लागतात, तो परत केला की पैसे परत. बहिणीकडून निघताना थेपले, बटाट्याची सुकी भाजी, भडंग असं काही बांधून आणा. आम्ही नेतो तेव्हा शेजारच्या टेबलावरचे लोक भडंग चाखायला हमखास येतात आणि बदल्यात प्रेट्झेल देऊन जातात. आई-वडिलांना अमेरिकेत अनोळखी माणसांशी इतका वेळ गप्पा मारायला दुसरीकडे क्वचितच मिळेल.

रविवारी सकाळी सरोवराकाठी कोलेक्टिव्होची कॉफी घ्या. १८८८ मध्ये नदीत सरोवराचं पाणी सोडून ती धुऊन काढण्यासाठी बांधलेल्या पंपघरात हे दुकान आहे. तिथून चालत आर्ट म्युझियमपर्यंत जाता येतं. वास्तुरचनाकार कालात्रावाने रचलेल्या त्या इमारतीचे पंख उघडताना बघायचे असतील तर वेळ आधी बघून ठेवा, वारा जोरात असला तर ते मिटलेले ठेवतात.

भारतीय जेवण इथे मिळतं, पण तुम्ही शिकागोहून येताय आणि भारतीय दुकानं-रेस्टॉरंटांचा डेव्हन अव्हेन्यू तिथेच आहे, तेव्हा इथली वेळ त्यात घालवू नका.

व्यवहाराचं थोडं. शिकागोच्या युनियन स्टेशनवरून अॅमट्रॅकची हायावाथा गाडी दीड तासात आणून सोडते आणि स्टेशनपासून थर्ड वॉर्ड चालत गाठता येतो. मध्यभागात हॉप नावाची ट्राम आहे, तिला तिकीट लागत नाही. कॉप्स, लिऑन्स, एस्टाब्रुक आणि वेस्ट अॅलिससाठी टॅक्सी करा, पिऊन गाडी चालवायचा प्रश्नच नको. वडिलांचे केस कितीही पांढरे असले तरी पासपोर्ट सोबत ठेवा, ओळखपत्राशिवाय काही ठिकाणी बियर देत नाहीत. रात्री ९ नंतर दुकानातून दारू विकत मिळत नाही, बारमध्ये मिळते. टिप १८ ते २० टक्के धरून चाला. सरोवराकाठी जुलैतही संध्याकाळी एकदम गार वारा सुटतो, आईंसाठी शाल किंवा स्वेटर असू द्या. आणि जुलैच्या सुरुवातीला येत असाल तर समरफेस्टच्या तारखा टाळा. १९६८ पासून चालत आलेला हा संगीताचा मोठा उत्सव आहे, त्या दिवसांत राहायच्या खोल्या महाग होतात आणि सरोवराकाठी गर्दी उसळते.

तारखा पक्क्या झाल्या की इथेच लिहा. त्या आठवड्यात कॉप्समध्ये कुठला स्वाद आहे आणि बियर गार्डन किती वाजता उघडतं, ते बघून सांगते.