सफवी सत्ता हळूहळू आकसली की एकाएकी कोसळली?

इराणच्या सफवी साम्राज्याची उतरण १५१४ मध्ये चाल्दिरानला उस्मानी (ऑटोमन) तुर्कांकडून झालेल्या पराभवापासूनच सुरू झाली का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर नकारार्थी आहे, कारण नकाशा तसे सांगत नाही.

१५०१ मध्ये तबरीझ जिंकल्यावर सफवी सत्तेचा संस्थापक शाह इस्माईलने दहा वर्षांच्या आत बगदाद आणि पूर्वेकडे मर्व गाठले. त्याला पीर मानणाऱ्या किझिलबाश या तुर्कमान टोळ्यांच्या निष्ठेवर ही घोडदौड झाली होती. चाल्दिरानला उस्मानी तोफांपुढे हे घोडदळ टिकले नाही आणि दियारबकर गेले. पुढे त्याचा मुलगा तहमास्प याच्या काळात बगदादही गेले आणि १५९० च्या तहात तबरीझवर पाणी सोडावे लागले. तरीही तहमास्पचा नातू शाह अब्बास याने हेरात, तबरीझ आणि बगदाद परत मिळवले. १६२२ मध्ये तर त्याने जहांगीराकडून कंदाहार आणि इंग्रज कंपनीच्या जहाजांच्या मदतीने पोर्तुगीजांकडून होर्मुझ घेतले.

माझ्या मते खरा धोका याच पराक्रमी शाहाच्या व्यवस्थेत होता. किझिलबाश सरदारांना आवर घालण्यासाठी त्याने जॉर्जियन, आर्मेनियन आणि चेर्केस गुलामांची फौज वाढवली आणि तिच्या खर्चासाठी अनेक प्रांत थेट शाही खालसात घेतले. पुढील शाहांनी हेच धोरण ताणल्यामुळे सरहद्दीवर स्वतःच्या हिमतीने फौज बाळगणारे सुभेदार कमी होत गेले. शिवाय राजपुत्रांना जनानखान्यातच वाढवण्याची प्रथा पडल्याने गादीवर येणाऱ्याला राज्यकारभाराचा आणि रणांगणाचा अनुभवच उरला नाही.

उस्मानींशी झालेल्या १६३९ च्या झुहाबच्या तहात बगदाद कायमचे सुटले, पण पश्चिमेला दीर्घ शांतता लाभली आणि ही पोकळी झाकली गेली. दुसऱ्या अब्बासने १६४९ मध्ये मोगलांकडून परत घेतलेले कंदाहार औरंगजेब आणि दारा शुकोह यांनाही वेढे घालून जिंकता आले नाही, हे येथे आवर्जून लक्षात घ्यावे.

त्याच कंदाहारात १७०९ मध्ये मीर वैसच्या नेतृत्वाखाली गिलझाई अफगाणांनी बंड केले आणि शाह सुलतान हुसेनला ते मोडता आले नाही. मीर वैसचा मुलगा महमूद याने मार्च १७२२ मध्ये गुलनाबादला शाही सैन्य उधळले. इस्फहानला वेढा पडला, शहरात भीषण उपासमार झाली आणि ऑक्टोबरमध्ये शाहाने स्वतःचा मुकुट महमूदच्या स्वाधीन केला. त्यानंतर रशियाने दर्बंद व बाकू आणि उस्मानींनी पश्चिमेकडील प्रांत बळकावले. यातील बहुतेक मुलूख पुढे सफवींचा सेनापती नादिर याने सोडवला. मात्र १७३६ मध्ये त्याने सफवींना बाजूला सारून स्वतःलाच शाह म्हणवून घेतले.