बेट लहान असेल तर मातीतले जीवाणूही कमी?

प्रश्न : मी बीएस्सीला आहे. लहान आणि लांबच्या बेटांवर पक्षी-प्राण्यांच्या जाती कमी असतात असं शिकलो. मग मातीतल्या जीवाणूंचंही तसंच असतं का? ते तर वाऱ्यावरही उडून जाऊ शकतात ना?

उत्तर : तुमची शंका एकदम रास्त आहे, ह्याच मुद्द्यावर अभ्यासकांमधे कित्येक वर्षं वाद चाललाय. बास बेकिंग ह्या डच शास्त्रज्ञाने १९३४ मधेच म्हटलं होतं की सूक्ष्मजीव सगळीकडे पोचलेलेच असतात, टिकायचं कोणी ते तिथली परिस्थिती ठरवते. नंतर १९६७ मधे मॅकआर्थर आणि विल्सन ह्यांचा बेटांचा सिद्धांत आला, म्हणजे बेट मोठं तर जाती जास्त आणि बेट मुख्य भूमीपासून लांब तर जाती कमी, पण तो मांडताना त्यांच्यासमोर पक्षी होते, मुंग्या होत्या, जीवाणू नव्हते.

मला सगळ्यात पटलेलं उत्तर चीनच्या 'हजार बेटांच्या सरोवरा'तून आलंय. १९५९ ला धरण झालं, पाणी भरलं आणि डोंगरांचे माथे तेवढे वर राहिले, तीच ही बेटं, त्यामुळे सगळी एकाच वयाची आणि मुळात एकाच जमिनीचे तुकडे, तुलना करायला ह्याहून चांगली जागा मिळणं कठीण. तिथल्या मातीचा अभ्यास २०२० मधे छापून आला. बेट मोठं तसे जीवाणूंचे प्रकार जास्त, हे जुळलं, पण बेट किती लांब आहे त्याने काहीच फरक पडला नाही! म्हणजे अर्धा सिद्धांत लागू आणि अर्धा नाही.

आता लहान बेटावर प्रकार कमी का, तर ओलावा. जीवाणू मातीच्या कणाभोवती पाण्याचा जो पातळ थर असतो ना त्यात राहतात, त्यातूनच सरकतात, त्यातूनच खातात. लहान बेटांची माती कोरडी निघाली आणि तिथल्या मातीच्या एकेका नमुन्यातच प्रकार कमी होते. बुरशीचं गणित वेगळंच निघालं, लहान बेटावर तिचे नमुने एकमेकांसारखे होत गेले, इथे काय अन् तिथे काय, तीच बुरशी. एकाच मातीत राहणारे दोघे आणि कारणं दोन, मला हे फार सुंदर वाटतं.

अजून एक, सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्लधर्मी आहे ते) मोजल्याशिवाय कुठल्याही दोन बेटांची तुलना करू नका. २००६ मधे उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या ९८ मातींचा अभ्यास आला होता, त्यात जीवाणूंची विविधता तापमान किंवा पावसापेक्षा सामूवरून जास्त नीट सांगता आली. उदासीन मातीत जास्त, आम्लधर्मी मातीत कमी, आणि ॲमेझॉनच्या घनदाट जंगलाची आम्लधर्मी माती ह्यात चक्क मागे पडली.

प्रश्न : बेटांवरच्या मातीतल्या जीवाणूंचा माणसाला काही उपयोग झालाय का?

उत्तर : झालाय, आणि ही गोष्ट मला दर वेळी सांगावीशी वाटते. १९६४-६५ मधे कॅनडाची एक मोहीम ईस्टर बेटावर, म्हणजे रापा नुईला गेली आणि तिथली माती घेऊन आली. त्या मातीत स्ट्रेप्टोमायसीस कुळातला एक जीवाणू सापडला (पहिल्या पावसाचा मातीचा वास येतो तो ह्याच कुळामुळे) आणि त्याच्यापासून जे औषध मिळालं त्याचं नाव बेटावरूनच रापामायसिन ठेवलं. आधी ते बुरशीवरचं औषध म्हणून बघितलं गेलं, मग कळलं की ते शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं. त्यावर काम करणारे सुरेंद्रनाथ सेहगल ह्यांची माँट्रियलची लॅब १९८० च्या दशकात बंद झाली, काम थांबलं, तेव्हा ह्या माणसाने तो जीवाणू घरच्या फ्रीझरमधे जपून ठेवला! पुढे काम परत सुरू झालं आणि १९९९ मधे अमेरिकेत किडनी प्रत्यारोपणाच्या पेशंटसाठी त्याला मान्यता मिळाली.

पण म्हणून हा जीवाणू फक्त त्याच बेटावर असतो असं लिहू नका, तसं म्हणायचं तर बाकी सगळीकडची माती तपासलेली हवी. एका ग्रॅम मातीतच हजारो प्रकार असतात, त्यातले बरेचसे लॅबमधे वाढतच नाहीत, डीएनए वाचूनच कळतात, आणि जितकं जास्त वाचाल तितके नवीन प्रकार निघतात. त्यामुळे दोन बेटांचे आकडे शेजारी ठेवायच्या आधी दोन्हीकडे डीएनए सारख्याच प्रमाणात वाचलाय का ते बघा.